घरातली वीज : इन्व्हर्टर, न्यूट्रल आणि खारं वारं

मिरग जवळ आला की या सदराकडे इन्व्हर्टरची पत्रं वाढतात. त्यांतली आठ या अंकात घेतली आहेत. जोडणीचं काम परवानाधारक वायरमननेच करायचं. पण तो गेल्यावर त्या घरात तुम्ही राहणार आहात, तेव्हा काय तपासून घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक हवं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

मेन डीबीत (घराच्या स्विच-फ्यूजच्या पेटीत) एक आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आधीपासून आहे. इन्व्हर्टर घेतला तेव्हा त्याच्या लाइनला वायरमनने ३० मिलिअँपिअरचा दुसरा आरसीसीबी लावला. आता एक पंखा सुरू केला तरी हा नवा पडतो. वायरमन म्हणतो, इन्व्हर्टरला आरसीसीबी चालतच नाही, काढून टाकू. काढावा का?
— एक वाचक, गुहागर

काढू नका. आरसीसीबी आपलं काम चोख करतो आहे, चुकलाय तो न्यूट्रल.

आरसीसीबीला एकच हिशेब कळतो: फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की तो पडतो. ७५ वॅटचा पंखा साधारण ३३० मिलिअँपिअर घेतो. तुमच्याकडे हा करंट नव्या आरसीसीबीतून फेजने बाहेर पडतो आणि परतताना सगळ्या घराच्या जुन्या सामायिक न्यूट्रलने निघून जातो. नव्या आरसीसीबीच्या खात्यात ३३० गेले, जमा शून्य. तो पडणारच.

हे घडतं कामाच्या सवयीमुळे. जुन्या घरात इन्व्हर्टर लावताना बरेच जण त्याच्या आउटपुटची फक्त फेज ओढतात, प्रत्येक बोर्डात दोन-तीन स्विच तिच्यावर घेतात आणि न्यूट्रल होता तसा ठेवतात. दिवे लागतात, पंखे फिरतात, मालक खूश. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये इनपुट आणि आउटपुटचा न्यूट्रल आतून एकच असल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. आरसीसीबी लावला की उघडी पडते.

दुरुस्ती अशी. डीबीत इन्व्हर्टरच्या सर्किटांसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी बसवा. नव्या आरसीसीबीत इन्व्हर्टरच्या आउटपुटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही घ्या. पुढे फेज एमसीबीकडे (करंट फार वाढला की पडणाऱ्या स्विचकडे), न्यूट्रल या नव्या पट्टीवर. मग इन्व्हर्टरवर असलेल्या प्रत्येक पॉइंटचा न्यूट्रल जुन्या पट्टीवरून सोडवून नव्या पट्टीवर आणायचा. कोणता न्यूट्रल कुठला, हे वीज आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, प्लग काढून, मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर एकेक वायर शोधून ठरवा. अंदाजाने नको. अडचण येते ती जिथे एकाच पाइपातून आलेला एकच न्यूट्रल दिव्यालाही आहे आणि फ्रिजच्या सॉकेटलाही. तिथे नवीन १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर ओढण्यावाचून गत्यंतर नाही. वायरमनला आरसीसीबी काढायची घाई असते ती बहुधा हे ओढकाम टाळण्यासाठी.

न्यूट्रल हातात घेतलाच आहे तर फेजही तपासून घ्या, कारण खरा धोका तिथे आहे. एखाद्या बोर्डात मेनची फेज आणि इन्व्हर्टरची फेज स्विचच्या मागे एका तुकड्याने जोडलेली राहिली, तर दोन गोष्टी घडू शकतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरची वीज त्या तुकड्यातून मेनच्या बाजूला शिरते आणि फिरून इन्व्हर्टरच्याच इनपुटला पोचते. त्याला वाटतं लाइट आली. तो मेनवर जातो, वीज तुटते, परत बॅटरीवर येतो. आतला रिले (मेन-बॅटरी बदलणारा आपोआप चालणारा स्विच) टक-टक करत राहतो. हा आवाज आला की मशीनला दोष देण्याआधी वायरिंग बघा. दुसरी गोष्ट, खरी लाइट येते त्या क्षणी दोन वेगवेगळ्या चालीच्या विजा एकमेकींवर आदळतात आणि इन्व्हर्टरमधले मॉस्फेट (बॅटरीच्या विजेची एसी करणारे भाग) फुटतात. दुरुस्तीवाला 'लोड जास्त झाला' म्हणून बिल लावतो आणि बोर्डातला तो तुकडा तसाच राहतो.

घरच्या घरी दोन चाचण्या वायरमनकडून समोर करून घ्या. पहिली: मेन स्विच बंद, इन्व्हर्टर बॅटरीवर चालू. आता मेन स्विचच्या घराकडच्या बाजूला फेज-न्यूट्रलमध्ये टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) धरा. पेटता कामा नये. मंद उजळला तरी कुठेतरी जोड आहे. दुसरी: इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढा आणि बॅटरीवर चालू असताना प्लगच्या पिनांना लॅम्प लावा. इथेही अंधारच हवा. रिलेचे पॉइंट चिकटले असतील तर या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात आणि हात तिथेच जातो. दोन्ही ठिकाणी लॅम्प सांगतोय कारण डिजिटल मीटर शेजारच्या वायरींच्या प्रभावाने उगाच वीस-तीस व्होल्ट दाखवतो आणि माणूस घाबरतो किंवा, त्याहून वाईट, सवयीने दुर्लक्ष करायला शिकतो.

प्लगचं सॉकेट उलटं नाही ना, तेही पाहा. समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. उलटं असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल फेज होतो आणि स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो. १५०० व्हीएच्या वरच्या इन्व्हर्टरला १६ अँपिअरचं सॉकेट द्या. एक्स्टेन्शन बोर्डावर कुठलाच इन्व्हर्टर नको.

एक बारकी गोष्ट, जी लोकांच्या लक्षात येत नाही. मेनचा आरसीसीबी पडला तर इन्व्हर्टर गुपचूप बॅटरीवर जातो. घरच्यांना वाटतं लाइट गेली. चार तास बॅटरी उपसली जाते, फ्रिज बंद राहतो आणि शेजारी मात्र टीव्ही चालू असतो. इन्व्हर्टरने पिप्-पिप् केलं की आधी शेजारी लाइट आहे का ते बघा.

निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा भाड्याच्या जनरेटरची वायर दोन्ही बाजूंना पिन लावून घरच्या सॉकेटमध्ये खोचत असू, सगळं घर चालायचं. या वर्षी स्वतःचा छोटा जनरेटर घेतला आहे. तसंच केलं तर चालेल ना, मेन स्विच बंद ठेवला तर?
— एक वाचक, श्रीवर्धन

नाही चालणार. 'मेन बंद ठेवला तर' यातला 'तर' दर वेळी रात्री, पावसात, घाईत, घरातल्या वेगवेगळ्या माणसाने आठवायचा असतो.

३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग आलं तेव्हा खांब आडवे झाले, तारा झाडांत अडकल्या आणि वायरमन मंडळी दिवसेंदिवस खांबांवर होती. अशा वेळी एखाद्या घरातला जनरेटर मेन स्विच चालू राहिल्याने लाइनला जोडला गेला तर काय होतं? एरवी आख्ख्या वाडीचा लोड अंगावर येऊन जनरेटर बंद पडेल. पण वादळात तार तुमच्या घरापासून दोन खांबांवर तुटलेली असते किंवा डीपीवरचे (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) फ्यूज काढलेले असतात. मग लोड नसतो, जनरेटर मजेत चालतो आणि तुटक्या तारेचं टोक जिवंत राहतं. ती तार उचलणारा माणूस लाइन बंद आहे हे खात्रीने जाणून आलेला असतो. डीपी जोडलेली असेल तर आणखी वाईट: उलट्या दिशेने तीच डीपी वीज ११ हजार व्होल्टवर चढवते.

शिवाय दोन्हीकडे पिन असलेल्या वायरीचं एक टोक सॉकेटमधून निघालं की उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट. घरात लहान मूल असेल तर एवढं पुरे.

बरोबर साधन म्हणजे चेंजओव्हर स्विच: तीन जागांचा, मध्ये 'बंद', एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर. सिंगल फेज घराला दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. सिंगल पोल घेऊ नका. अँपिअर मेन स्विचच्या रेटिंगइतके किंवा जास्त. तो मीटर आणि डीबी यांच्या मध्ये बसतो. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, त्यामुळे कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. जनरेटर अंगणात, दारं-खिडक्यांपासून दूर आणि पागोळ्यांखाली नाही. पडवीत लावलेल्या जनरेटरचा धूर माजघरात साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

इन्व्हर्टर घरात असेल तर जनरेटरवर त्याचं चार्जिंगही चालू होतं. दोन किलोवॅटच्या छोट्या जनरेटरला पंप, फ्रिज आणि चार्जर एकदम देऊ नका. आणि हो, अशा तुटक्या लाइनच्या दिवसांत इन्व्हर्टरवरच्या आरसीसीबीवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. गळती करंटला जमिनीतून डीपीच्या न्यूट्रलपर्यंत परतायला वाट असेल तरच तो पडतो. सर्व्हिस वायरच तुटली असेल तर ती वाट नाही. ओल्या बोर्डाला तेव्हा हात नकोच.

घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. पहिला इन्व्हर्टर तीन वर्षांत गेला, आतलं सर्किट हिरवं पडलं होतं. बॅटरीच्या टोकांवर सतत हिरवट-पांढरी भुकटी येते, आणि पंखा-टीव्ही लावला की वायर गरम होते. नवीन संच कुठे, कसा बसवावा? बॅटरी पडवीत ठेवावी की आत?
— एक वाचक, मालवण

वायर गरम होते, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत गंभीर वाक्य आहे. तिथून सुरुवात करू.

१२ व्होल्टची बॅटरी म्हटलं की लोकांना ती निरुपद्रवी वाटते. पण व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त. इन्व्हर्टरवर ७०० वॅटचा लोड असेल तर २३० व्होल्टच्या बाजूला तीन अँपिअर जातात, आणि बॅटरीच्या वायरमध्ये तूट धरून ७० ते ७५. एवढा करंट जोडातून जाताना जोडाचा रोध नुसता ५ मिलिओहम असला तरी तिथे २८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे सैल, गंजलेल्या टर्मिनलवर तुम्ही एक सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र टेकवून ठेवला आहे. शिसं मऊ पडतं, बोल्ट आणखी सैल होतो, प्लॅस्टिक वितळतं. घरगुती इन्व्हर्टरच्या आगी बऱ्याचदा इथून सुरू होतात, मशीनमधून नाही.

म्हणून नव्या संचाला बॅटरीची वायर लवचीक तांब्याची घ्या. ९०० ते ११०० व्हीएच्या १२ व्होल्ट इन्व्हर्टरला १६ चौरस मिलिमीटर ही किमान जाडी, २५ असेल तर उत्तम. लांबी कंपनीने दिली तेवढीच, मीटर-सव्वा मीटर. 'इन्व्हर्टर हॉलमध्ये, बॅटरी मागच्या पडवीत' हे स्वप्न सोडा: तीन मीटर अंतराला १६ ची वायर वापरली तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टच्या वर वायरीतच जातं आणि बॅटरीत दम असूनही इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून बंद पडतो. अंतर वाढवायचंच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवा, १२ ची नाही.

टोकांना कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या कड्या), योग्य डायच्या क्रिम्पिंग हत्याराने दाबलेले. हातोडीने ठोकलेले किंवा पक्कडीने चेपलेले नको. आत पोकळी राहते, खारी हवा शिरते, आणि वरून झकास दिसणारी वायर आतून काळी पडत जाते. लगच्या मानेवर आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा. तुमच्या हवेत हे चोचले नाहीत.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत डीसी फ्यूज बसवा. १६ च्या वायरला १००, २५ च्या वायरला १२५ अँपिअरचा. तो वायर वाचवण्यासाठी आहे, म्हणून बॅटरीजवळच हवा. इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. डीबीतला साधा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीचा आर्क तो नीट विझवू शकत नाही.

जोडताना अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजाराहून जास्त अँपिअर देते. पान्ह्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, प्लग काढलेला, मग आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. काढताना उलट: निगेटिव्ह आधी. शेवटची जोडणी करताना एक छोटी ठिणगी उडते, ती आतले कपॅसिटर भरतात म्हणून. पण चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबवून ही जोडणी करू नका, तेव्हा बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असतो आणि हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

याच हायड्रोजनमुळे जागेचा प्रश्न ठरतो. ट्यूब्युलर बॅटरी (पाणी भरावी लागणारी शिसं-ॲसिडची) बंद कपाटात, झोपायच्या खोलीत किंवा देवघराखाली नको. समई आणि बॅटरी यांचा शेजार वाईट. माळ्यावर नको: वायू हलका, कौलांखाली साचतो, आणि तिथली उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. पडवीत ठेवायची तर समुद्राच्या बाजूची पडवी सोडा. मागच्या, पूर्वेकडच्या पडवीत, पावसाची झड येणार नाही अशा कोपऱ्यात प्लॅस्टिक ट्रॉलीवर बॅटरी, आणि तिच्या बाजूला, थेट वर नव्हे, भिंतीवर इन्व्हर्टर. थेट वर ठेवला तर ॲसिडची वाफ मशीनच्या पंख्यातून सर्किटवर जाते. तुमचा पहिला संच बहुधा असाच गेला असेल. मीठ आणि ॲसिड दोन्ही मिळून तांबं हिरवं पडतं. मशीनच्या चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा. हवेच्या फटींवर जाळी लावाल तर ती दर महिन्याला झाडा. जाळी नसेल तर पाली आणि मुंग्या उबेला आत जातात. पाल दोन पॉइंटांवर पडली की फ्यूज जातो, मुंग्या रिलेत चेंगरून पॉइंटांमध्ये कार्बन धरतात.

टर्मिनलवरची भुकटी दोन महिन्यांतून एकदा काढा: निगेटिव्ह-पॉझिटिव्ह सोडवून, झाकणं घट्ट लावून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने. सोड्याचा थेंबही बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, ॲसिड मरतं. पुसून कोरडं करा, लग घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. लोक आधी जेली फासून मग लग बसवतात, ते उलटं आहे. आधी धातूला धातू, मग वरून थर.

आमचं घर सड्यावर, चिऱ्याचं. हातभर खणलं की कातळ. अर्थिंगला मीठ-कोळसा भरून पाइप पुरला होता, दोन वर्षांत पाइप खाऊन गेला. इन्व्हर्टरवाला म्हणतो, अर्थिंग नसेल तर अर्थची पिन न्यूट्रलला मारून देतो. बरोबर आहे का?
— एक वाचक, देवगड

त्याला ते करू देऊ नका. अर्थची पिन न्यूट्रलला जोडली की सगळं ठीक असेपर्यंत ठीक दिसतं. ज्या दिवशी वाऱ्यात सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू दिव्यातून आलेली फेज न्यूट्रलवर आणि तिथून फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर सगळ्यांच्या बॉडीवर येईल. एमसीबी पडणार नाही. किनाऱ्यावर न्यूट्रल तुटणं ही नवलाची गोष्ट नाही.

कातळावर चांगली अर्थिंग अवघड असते हे खरं. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की रोध वाढतो. समजा तुमची अर्थिंग २० ओहम आहे. फेज बॉडीला लागली तर करंट जाईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी याला लोड समजून स्वस्थ बसेल आणि बॉडी तशीच जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र याच्या चारशेव्या हिश्श्याला पडतो. मातीतल्या घराला आरसीसीबी हवाच, पण कातळावरच्या घरात तोच खरा रक्षक आहे. अर्थिंग बेताची असली तरी त्याला पुरते. एक मात्र आहे, थोडी तरी हवीच.

उभा पाइप जात नसेल तर आडवी पट्टी घाला. २५ बाय ६ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड पट्टी, निदान अर्धा मीटर खोल चरात, दहा मीटर किंवा जास्त. जागा निवडा ती ओलीची: न्हाणीघराच्या सांडपाण्याची वाट, माडांची आळी. चरात पट्टीभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा, वर लाल माती. मीठ नको. मिठाने रोध पटकन खाली येतो आणि पाइप तेवढ्याच पटकन जातो, हे तुम्ही पाहिलंच आहे. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच अर्थिंग छान येते.

विजांसाठी डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर लावायचा विचार असेल तर तो या अर्थिंगनंतरच, आणि त्याच्या वायरी एकूण अर्ध्या मीटरच्या आत. तरीही जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की इन्व्हर्टरचा प्लग काढणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात बॅटरी, इन्व्हर्टर सगळं पाण्यात गेलं. नवा संच आता किती उंच लावावा? आणि पाणी वाढू लागलं तर नेमकं काय, कुठल्या क्रमाने बंद करावं?
— एक वाचक, चिपळूण

उंची कोणी बाहेरून सांगू शकणार नाही. तुमच्या भिंतीवरची २०२१ ची खूण सांगेल. वाशिष्ठीच्या काठच्या घरांत ती छताजवळ असेल, तिथे वरच्या मजल्याशिवाय पर्याय नाही. १५० एएचची बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलोची असते. ती भिंतीतल्या फळीवर ठेवायची नाही, जमिनीवर पाय टेकलेल्या लोखंडी अँगलच्या मांडणीवर ठेवा, आणि मांडणी भिंतीला बांधा. निदान तळमजल्याची सॉकेटं आणि वरचे दिवे वेगवेगळ्या एमसीबीवर घ्या, म्हणजे खालचं बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतात.

क्रम: पाणी उंबऱ्याला लागण्याआधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद, प्लग काढा, आउटपुटचा एमसीबी पाडा, मेन स्विच बंद, शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. पुष्कळ लोक फक्त मेन बंद करतात आणि निर्धास्त होतात. पण मेन बंद केला की इन्व्हर्टर उलट चालू होतो, आणि पाण्यात बुडणाऱ्या सॉकेटला तो बॅटरी संपेपर्यंत वीज देत राहतो. पाणी घरात आलं असेल तर मात्र यातलं काहीही करायला पाण्यात उतरू नका.

पुरानंतर बुडालेला इन्व्हर्टर उन्हात वाळवून 'बघू तरी' म्हणून लावायचा नाही. बॅटरीच्या झाकणांतून गाळ आत गेला असेल तर ती संपली, तिला चार्जिंगला लावू नका. ॲसिड गटारात ओतू नका, विक्रेत्याला परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाचे पैसेही वजा होऊन मिळतात. वायरिंग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून, इन्सुलेशन एक मेगाओहमच्या वर आल्यावरच वीज घ्या. मेगर लावताना इन्व्हर्टर, दिवे, आरसीसीबी सगळं सोडवलेलं हवं, नाहीतर मेगरच ते जाळतो.

आम्ही ठाण्यात राहतो, राजापूरजवळच्या घरी गणपतीला आणि मे महिन्यात जातो. प्रत्येक वेळी बॅटरी मेलेली सापडते. दोन बॅटऱ्या झाल्या. घर बंद असताना इन्व्हर्टर चालू ठेवावा की बंद? आणि गणपतीतल्या माळा इन्व्हर्टरवर घेतल्या तर चालतील का?
— एक वाचक, ठाणे

चाकरमान्यांच्या बॅटऱ्या मरतात त्या वापरून नाही, तर न वापरून. तुम्ही निघताना मेन बंद करता आणि इन्व्हर्टरचा पुढचा स्विच चालूच राहतो. लोड नसतानाही इन्व्हर्टर स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट घेतो. १५ वॅट म्हणजे बॅटरीतून सव्वा अँपिअर. १५० एएचची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. पुढचे आठ महिने ती तशीच पडते, प्लेटांवर सल्फेटचा खडा बसतो, आणि मग कितीही चार्ज केली तरी पंधरा मिनिटं चालते.

मेन चालू ठेवून कायम चार्जिंगवर ठेवणंही बरं नाही. पाणी आटतं, बघायला कोणी नाही, आणि जूनमधली एक वीज सगळंच नेते. निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा, पाणी भरा, मग स्विच बंद, प्लग बाहेर, निगेटिव्ह टर्मिनल सोडवून त्यावर टेप. सोडवलेली बॅटरीही आपोआप उतरते, महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के, उन्हाळ्यात जास्त. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून एक दिवस चार्ज करून घ्या. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) ठेवाल तर उत्तम: ट्यूब्युलर बॅटरी भरलेली असताना साधारण १.२४० दाखवते, १.२०० च्या खाली गेली की चार्ज हवं.

घर खरंच वर्षातून दोनदाच उघडत असेल तर पुढची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. ती अर्धी भरून, सोडवून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते आणि पाणी मागत नाही. मात्र तुमच्या इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये लिथियमचा पर्याय आहे का ते आधी बघा. जुना शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला जास्त व्होल्ट देतो, तिचं आतलं संरक्षण मध्येच जोडणी तोडतं आणि लोकांना वाटतं बॅटरीच खराब.

गणपतीतल्या माळांबद्दल तुम्ही विचारलंय: मखराची एलईडी रोषणाई इन्व्हर्टरवर खुशाल घ्या, पन्नास वॅटही होत नाहीत. खळ्यातल्या, पावसात भिजणाऱ्या माळा मात्र मेनच्या वेगळ्या आरसीसीबीवर. एका ओल्या होल्डरने आरतीच्या वेळी सगळं घर काळोखात जायला नको. पंप आणि गिझर इन्व्हर्टरवर कधीच नाहीत. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना हजाराच्या आसपास वॅट घेतो, सुरू होताना पाच-सहा पट करंट.

पीएम सूर्यघर योजनेत छपरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं. पण लाइट गेली की भर उन्हातही घर बंद! फसवणूक आहे का?
— एक वाचक, अलिबाग

फसवणूक नाही. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडवरचा, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडूनच चालणारा आहे. लाइन गेली की त्याने सेकंदांत बंद व्हावं असाच नियम आहे, कारण वर श्रीवर्धनच्या उत्तरात लिहिलेला तारेवरचा माणूस. वीज नसताना घर चालवायचं तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर हवा, आणि त्याच्या बॅकअप आउटपुटला वेगळी लाइन, वेगळा न्यूट्रल: म्हणजे गुहागरचं उत्तर पुन्हा पहिल्यापासून. तुमचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर सोलरच्या आउटपुटला 'फसवून चालू ठेवायला' जोडण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. उन्हात लोड कमी असताना सोलरची जादा वीज त्या इन्व्हर्टरमध्ये उलटी शिरते आणि तो फुटतो. पॅनेलच्या डीसी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. त्यांचे कनेक्टर उन्हात, चालू असताना ओढून काढायचे नाहीत, आर्क विझत नाही.

एसीतून रोज बादलीभर पाणी निघतं. ते बॅटरीत घातलं तर? ते वाफेचंच पाणी ना?
— एक वाचक, वेंगुर्ले

वाफेचं खरं, पण ते एसीच्या कॉइलवरून, धूळ, ॲल्युमिनियम आणि समुद्राकडून आलेलं मीठ धुऊन उतरतं. क्लोराइड प्लेटा खातं. विहिरीचं, पावसाचं, फिल्टरचं पाणीही नको, तेच कारण. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन एका बॅटरीला वर्षभर पुरतो. फ्लोटची लाल खूण दिसली की चार्जिंग पूर्ण झाल्यावर हिरव्या खुणेपर्यंतच भरा, वर नाही. एसीचं पाणी झाडांना घाला.